करटुल्यांच्या वाट्याचं वजन

मासिकांच्या अशा विशेष अंकांत आपल्या कामाबद्दल लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी बावीस वर्षांची आहे. माझं काम तीन वर्षांचं, तेही फक्त शनिवार-रविवारचं. त्यामुळे लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. नंतर वाटलं, त्या कामातली एक गोष्ट लिहून टाकलीच पाहिजे. ती माझ्या बाजूने चांगली नाही, एवढं आधीच सांगते.

साजगावच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या समाजमंदिरात एक संस्था पाचवी ते आठवीच्या मुलांचा वर्ग चालवते. शाळेचा अभ्यास तिथे घेत नाहीत, व्यवहाराचं गणित घेतात. वीजबिल वाचणं, बँकेची स्लिप भरणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खरेदी. मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना तिथे ताई म्हणून लागले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे गावात कुणालाही काही शिकवायचं असलं की माझंच नाव पुढे यायचं.

खरेदीचं गणित सोपं आहे. पाकिटावरची किंमत सगळे बघतात, वजन फार थोडे बघतात. किमतीला वजनाने भागायचं आणि शंभर ग्रॅमला किती रुपये पडले ते काढायचं. मग लहान पाकीट, मोठं पाकीट, या कंपनीचं, त्या कंपनीचं, सगळं शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. फळ्यावर शिकवलं की मुलं जांभया देतात. म्हणून मी त्यांना घरातली रिकामी पाकिटं आणायला सांगायचे. शनिवारी समाजमंदिरात मसाल्याचा, साबणाचा आणि चहापत्तीचा एकत्र वास यायचा, आणि मागून मुंग्या यायच्या.

मुलं लवकरच माझ्या पुढे गेली. आमच्या वर्गातल्या काजलने वडिलांच्या मोबाइल रिचार्जची रोजची किंमत काढली आणि विचारलं, "ताई, अठ्ठावीस दिवसांचा महिना कुठला? फेब्रुवारी तर वर्षातनं एकदाच येतो." गावातले किराणा दुकानदार नथूशेठ तर मला रस्त्यात अडवून म्हणाले, "अगं अश्विनी, काय शिकवतीस तू पोरांना? पयले बिस्कीट घेतलं की पळायची. आता पुडा उलटा करून वाचत बसतात, आन मागं गिऱ्हाईक खोळंबतंय."

"वाचू दे ना शेठ."

"वाचू दे गं. पण ‘हे बारीक काय लिवलंय’ म्हणून मला इचारतात. माझ्या दुकानातला माल, आन मलाच नाय दिसत काय लिवलंय ते!"

त्या दिवशी मी घरी जाताना जरा ताठ चालले असेन.

दुसऱ्या वर्षी मुलं वाढली म्हणून संस्थेने दोन गट केले आणि दुसऱ्या गटाला मुग्धा आली. मुग्धा माझ्याच कॉलेजची, माझ्याच वर्गातली. खोपोलीत त्यांचं तीन पिढ्यांचं घर. वडील डॉक्टर, आई शाळेत शिक्षिका. ती स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढायची, आणि मुलं माझं वाक्य अर्धं टाकून दाराकडे बघायची.

तिच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाही, आणि हीच माझी अडचण होती. ती गर्विष्ठ असती तर मला सोपं गेलं असतं. तिने घरून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणला. मी वर्षभर हातात पाकीट तोलून "हे अंदाजे एवढं" असं सांगत होते, आणि तिची मुलं दुसऱ्याच आठवड्यात एका बिस्किटाचं वजन करत होती. ती बोलताना मध्येच थांबून विचार करायची, आणि कुणाला ते अडखळणं वाटायचं नाही. मी थांबले की कुणीतरी हसायचं. ती फळ्यावर चूक करायची आणि "अरे, चुकलं की माझं!" म्हणून हसत पुसायची. मी चुकले की घामाने माझ्या ओढणीचा काठ ओला व्हायचा. मुलं तिला "मुग्धाताई" म्हणायची. मला "ओ ताई".

मला तिच्या स्कूटरचा हेवा नव्हता. तिच्या त्या हसत पुसण्याचा होता. चुकणं तिला परवडत होतं.

गेल्या वर्षी, आम्ही शेवटच्या वर्षाला असताना, पावसाळ्याच्या तोंडावर संस्थेच्या वैद्य बाई आल्या. वर्गांचं सगळं काम त्याच बघतात. त्या म्हणाल्या की पुढच्या वर्षीपासून कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या बारा गावांत असे वर्ग सुरू होणार आहेत. तिथल्या ताई-दादांना शिकवायला एक मार्गदर्शक लागेल. दर महिन्याला ठरलेलं मानधन मिळेल. तुमच्या दोघींपैकी एकीला घेऊ. तुम्ही दोघी काय काम करता ते मी दोन-तीन महिने बघेन आणि ठरवेन.

मुग्धासाठी तो एक चांगला अनुभव होता. माझं तसं नव्हतं. आमच्या दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साजगावच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मला कर्जतला एम.कॉम. करायचं होतं. मार्गदर्शकाचं मानधन मिळालं असतं तर फी, पास, वह्या, सगळं त्यातून भागलं असतं आणि दादांना नाही म्हणायला मला तोंड राहिलं असतं. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "तुझं ते काम मिळालं तर शिक. नाय मिळालं तर जूनपासनं कंपनीत जा. मी काय वाईट सांगत नाय."

वाईट नाहीच सांगत होते. म्हणून मला ते काम हवं होतं.

पहिली ठेच मला शाम्पूने दिली. मी चहापत्ती, धुण्याची पावडर आणि हळद अशी तीन उदाहरणं फळ्यावर केली. तिन्हीत मोठं पाकीट स्वस्त पडलं. मी खाली ओळ लिहिली, "मोठं पाकीट घ्या." काजलने विचारलं, "ताई, शाम्पूचं पण?" मी म्हटलं, "शाम्पूचं पण." भागाकार केला नाही. मुग्धाच्या फळ्यावर असं एखादं ठाम वाक्य असायचं, मलाही तसं हवं होतं.

पुढच्या शनिवारी मुग्धाच्या गटाने शाम्पूच घेतला. पुडी दोन रुपयांना, सहा मिली. बाटली एकशे पस्तीसला, एकशे ऐंशी मिली. शंभर मिलीला पुडीचे तेहतीस रुपये पडतात आणि बाटलीचे पंचाहत्तर. पुडी निम्म्याहून स्वस्त. मुलं ओरडायलाच लागली.

आमच्या घरात न्हाणीच्या खिळ्याला पुड्यांची माळ टांगलेली असते. माझ्या जन्मापासून. आणि पुडी स्वस्त आहे हे शोधून काढलं कुणी, तर जिच्या घरी कधी पुडी आलीच नसेल तिने. तिने फक्त भागाकार केला होता.

ते तिथेच संपलं नाही. काजलची आई दाराशी उभी राहिली. हातात नवी बाटली, अर्धी झालेली. "ताई, तुमी सांगितलं म्हणून पोरगी हटूनच बसली. घेतली बाटली. पयले एक पुडी दोघींना पुरायची. आता बाटली उघडी हाय तर तिचा भाऊस बी उपडी करतो, बाप बी उपडी करतो. बापाच्या डोक्यावर केस किती, तर मोजून धा!"

मुलं हसली. मुग्धाही हसली. मी पण हसायचा प्रयत्न केला.

मग तिने सहज विचारलं, "तुमच्या घरी बाटली हाय का वो ताई?"

"नाय," मी म्हटलं.

"मंग?"

मुग्धा पटकन म्हणाली, "काकू, आमच्याकडे बाटलीच आहे, आणि आम्ही सगळे तशीच उपडी करतो." तिने मला वाचवलं. मला रात्री जेवण गेलं नाही. ती मला वाचवण्याच्या जागी आहे आणि मी वाचवली जाण्याच्या, एवढंच डोक्यात फिरत होतं.

वैद्य बाईंनी शेवटचा पाठ दोघींनी बाजारात घ्यायचा असं ठरवलं. माझ्या गटाने खोपोलीत बाजाराच्या रस्त्यावरच्या किराणा दुकानात पाकिटं बघायची, मुग्धाच्या गटाने समोर आठवडा बाजारात सुट्टा माल. बाई दोन्ही बघणार होत्या. आदल्या रविवारी मुग्धा मला म्हणाली, "मी सकाळी लवकर नेणार आहे मुलांना. गर्दी नसते ना. त्या वाटे लावून बसतात बघ, करटुली, काकड्या, त्यांचे वाटे काट्यावर ठेवून वजन करू. एकाच किमतीच्या वाट्यात किती फरक असतो ते मुलांना कळेल. काही घ्यायची गरज नाही, नुसतं बघायचं. ठीक आहे ना?"

ठीक नव्हतं. बाजारात बसणाऱ्या बाईकडे काटा नसतो. ती हाताने वाटा लावते. सकाळी पहिली विक्री होते तिला भवानी म्हणतात, आणि भवानी व्हायच्या आधी कुणी वाट्याला हात लावून, विस्कटून, न घेता गेलं तर तो दिवस वाईट गेला असं धरतात. आणि वाटा काट्यावर घालणं म्हणजे तर तिच्या तोंडावर तिला चोर म्हणणं.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. मी सहावीत जाईपर्यंत माझी आई त्याच बाजारात वाल आणि काकड्या घेऊन बसायची. मी तिच्या शेजारी गोणपाटावर बसून वाट्यांवर पाणी शिंपडायचे. कॉलेजात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मुग्धाला तर नाहीच.

मी म्हटलं, "हो, ठीक आहे."

एवढंच. एका वाक्यात मला तिला सांगता आलं असतं. ते सांगितलं असतं तर मला आईचंही सांगावं लागलं असतं, हे एक कारण होतं. पण ते छोटं. खरं कारण म्हणजे तिला एकदा तरी सगळ्यांसमोर चुकताना, आणि हसत पुसता न येताना, मला बघायचं होतं. आणि ते काम मला हवं होतं.

बाजाराच्या दिवशी पाऊस उघडला होता. मी माझी मुलं घेऊन दुकानाच्या पायरीवर होते. रस्त्याच्या पलीकडे, दहा पावलांवर, मुग्धाचा गट एका म्हाताऱ्या बाईपुढे थांबला. नंतर कळलं, तिचं नाव हिराबाई, डोंगरातल्या वाडीवरून पहाटे निघून यायची. साहिल नावाच्या मुलाने तिच्या करटुल्यांचा एक वाटा उचलून काट्यावर ओतला.

"अरं ए पोरा! हात काय लावतोस? अजून भवानी नाय झाली माझी!"

"मावशी, आमी घेत नाय. फकस्त वजन करतो."

"घेत नाय? मंग बाजारात कशाला आलास रं? जत्रा हाय व्हय?"

तोवर साहिलचा हिशेब झाला होता. माझ्यापेक्षा लवकर करायचा तो. मोठ्याने म्हणाला, "दोनशे ग्रॅम. चाळीस रुपये. म्हणजे किलोला दोनशे. मावशी, तुमी महाग देता. त्या पलीकडच्या मावशीचा वाटा अडीचशे ग्रॅम भरला, तिची एकशे साठनं पडतात."

पलीकडची बाई हसली. म्हणाली, "काय गं हिरे, पोरांनी पकडली तुला!" दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. हिराबाईने काट्यावरची करटुली परत ओढून घेतली, सगळे वाटे मोडून पाटीत लोटले आणि पाटीवर पदराचं फडकं टाकलं. "जा. नाय विकायची मला. म्हातारी चोर हाय, सांगा सगळ्या बाजारात." तिचा आवाज चढला नव्हता. ते ऐकायला जास्त वाईट होतं.

साहिल रडायला लागला. वैद्य बाई मागेच उभ्या होत्या.

मी रस्ता ओलांडू शकले असते. हिराबाईशी कसं बोलायचं ते मला माहीत होतं. मी काजलच्या हातातल्या तिखटाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत राहिले. ती म्हणाली, "ताई, तुमी त्येच वाचताय परत."

मुग्धा पांढरी पडली होती. मला जे बघायचं होतं ते मी बघितलं, आणि ते मिनिटभरच टिकलं. ती चिखलात, चांगल्या सलवारीनिशी, पाटीसमोर बसली. "मावशी, चुकलं माझं. मुलांचं नाही, माझं. मला माहीत नव्हतं. दोन वाटे द्या मला."

"नको. तुमच्या हातची भवानी नको."

"बरं. मग मी बसते इथे. तुमची झाली की देईन."

ती खरंच बसली. पंधरा-वीस मिनिटं, मुलांना मागे बसवून. कुणीतरी एक बाई आली, हिराबाईने फडकं काढून तिला वाटा लावून दिला आणि नोटा कपाळाला लावल्या. मग ती मुग्धाकडे बघून म्हणाली, "अजून हायेस व्हय गं?" आणि बोलायला लागली. मी मुलांना घेऊन तोवर जवळ गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"वाटा वजनानं नसतो बाय. चार माणसांची एक येळची भाजी, तो वाटा. करटुलं मोठं असलं तर कमी लागतात, बारीक असलं तर जास्ती. तिची बारीक हायेत, कोवळी नायत, बिया जास्ती. तुमच्या काट्याला बिया कळतात का?"

मुग्धाने वहीत लिहिलं आणि साहिलला वाचून दाखवायला लावलं, "एकक, चार माणसांची एक वेळची भाजी." मग तिने मुलांना विचारलं, प्रत्येक वस्तूला ग्रॅमच का लावायचा? मुलं बोलायला लागली. वैद्य बाईंनी चष्मा काढून पुसला. मला तेव्हाच कळलं.

माझा पाठ नीट झाला. एकही चूक झाली नाही. बाई म्हणाल्या, "छान, व्यवस्थित." काम मुग्धाला मिळालं.

मी सांगितलं असतं तर मुग्धा उशिरा गेली असती, मुलांनी चार वाटे विकत घेतले असते, आणि तिचाही पाठ छान, व्यवस्थित झाला असता. ती चूक मीच तिच्या हातात ठेवली. चार माणसांची एक वेळची भाजी हे मला सहावीच्या आधीपासून माहीत होतं. ते मी कधी गणित म्हणून बघितलंच नाही.

डिसेंबरात खालापूरला नव्या गावांच्या ताई-दादांचं पहिलं शिबिर झालं. वर्गाची जुनी ताई म्हणून मलाही बोलावलं होतं. मी सतरंजीवर तिसऱ्या रांगेत बसले. मुग्धा बाजाराचा प्रसंग सांगत होती, स्वतःची चूक जराही न लपवता. शेवटी म्हणाली, "आणि वाटा घेतल्यावर त्यांनी वर दोन करटुली घातली. ती कुठल्याच हिशेबात नाहीत. ती माया."

माझा हात वर गेला. मदत करायला नाही. त्या खोलीत एकदा तरी माझ्याकडे बघून सगळ्यांनी मान हलवावी म्हणून.

"ती माया नसते," मी म्हटलं. "वाटा लावतानाच दोन काढून ठेवतात. गिऱ्हाईक ‘वर घाला’ म्हणणारच, म्हणून. माझी आई मांडीखाली ठेवायची."

सगळे हसले. कुणीतरी लिहूनही घेतलं. मुग्धा हसत होती. मग तिने विचारलं, "तुझी आई बाजारात बसायची?"

"हो."

"खोपोलीच्याच?"

"हो."

"म्हणजे तुला भवानीचं..." ती थांबली. तिचं ते विचार करत थांबणं, जे मला कधीच जमलं नाही. पंधरा माणसं बघत होती. तिने वाक्य पुरं केलं नाही. खडू उचलला आणि म्हणाली, "बरोबर आहे अश्विनीचं. लिहा सगळ्यांनी, वरची दोन धरून वाटा."

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "का नाही सांगितलंस?"

"तुला हे काम मिळू नये म्हणून."

तिने कप दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "साहिल महिनाभर वर्गात आला नव्हता. मी तीनदा त्याच्या घरी गेले." मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आणि नंतर म्हणाली, "बारा गावं मला एकटीला नाही जमणार. मला हे असलं काही माहीत नाही गं. तू ये माझ्याबरोबर. मानधन निम्मं निम्मं करू. मी बाईंशी बोलते."

निम्म्या मानधनात कर्जतची फी आणि पास बसत होता. मी तिथल्या तिथे मनात भागाकार करून बघितला होता. पण ते तिच्या हातून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते."

तिने नंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच म्हटलं. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये मी साजगावला पॅकिंगच्या लाइनवर लागले. एम.कॉम.च्या प्रवेशाची तारीख जुलैत गेली, ती मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघितली.

मुग्धा आता आठव्या गावात आहे. मी तिला अजून हो की नाही ते सांगितलेलं नाही.